हालचालीतून सूर: वर्तनसमस्या असलेल्या मुलांसाठी सेन्सरवरचा संगीतोपचार कुणी जवळून पाहिलाय का?

पाऊलवाट

मुलगा आठ वर्षांचा आहे. एडीएचडी आणि जोडीला ओडीडी असं निदान झालंय. म्हणजे एका जागी बूड टेकत नाही, आणि मोठ्यांनी काही सांगितलं की आधी 'नाही', मग वाद, मग आदळआपट. पालक प्रशिक्षण, वर्तनोपचार, औषध हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे. त्याला गाण्याची ओढ आहे म्हणून अलीकडे संगीतोपचारही सुरू केला. तिथे ड्रम आणि खंजिरीवर सुरुवातीला छान रमतो, पण "आता तू थांब, मी वाजवते" असं थेरपिस्टनी म्हटलं की खंजिरी भिंतीवर.

आता त्यांनी सुचवलंय की कॅमेऱ्यासमोर शरीर हलवलं की आवाज निघतो अशी यंत्रणा वापरून बघू. हातात काहीच नसतं. हात वर नेला की सूर चढतो, खाली आणला की उतरतो.

ऐकायला आवडलं, पण दोन गोष्टी खटकतात. ज्याला मुळातच स्वस्थ बसवत नाही त्याला हलण्याबद्दलच बक्षीस मिळालं तर तो आणखी उधळणार नाही का? आणि स्क्रीनवरून घरात रोज वाद चालू असताना हा मागच्या दाराने शिरलेला व्हिडिओ गेम तर नाही ना? ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

ओंजळ

महत्त्वाचा विषय. आमच्या शाळेत वापरतो. संध्याकाळी निवांत लिहिते.

तिहाई

मी संगीतोपचाराचं काम करते आणि अशी साधनं नेहमी वापरते, म्हणून जरा लांब लिहितेय.

पाऊलवाट, तुमची पहिली शंका अगदी नेमक्या जागी आहे. यंत्र फक्त हालचाल मोजतं. कुठल्या हालचालीला कुठला आवाज द्यायचा हे माणूस ठरवतो. याला आम्ही मॅपिंग म्हणतो, आणि उपचाराचा जीव तिथेच असतो. 'जितका वेग तितका मोठा आवाज' अशी जोडणी करून अतिचंचल मुलाला समोर उभं केलं, तर तो बघता बघता गरगर फिरायला लागतो. आवाज वाढला की तो पेटतो, पेटला की आणखी जोरात हलतो, की पुन्हा आवाज वाढतो. बाजारात तयार मिळणाऱ्या बऱ्याच संगीतखेळांची जोडणी अशीच असते, कारण खेळ म्हणून तिच्यात गंमत आहे.

आता तीच जोडणी उलटी करा. हात झपकन फिरवला तर नुसती कोरडी टकटक. सावकाश नेला तर लांब, भरदार सूर. आणि पूर्ण थांबलं तर त्या सुराचा घुमारा खोलीभर पसरतो, हललं की तुटतो. माझ्याकडचा एक मुलगा हे कळल्यावर श्वास रोखून उभा राहिला होता. फक्त डोळे स्पीकरकडे. घुमारा विरला तेव्हा हळूच म्हणाला, "परत." त्याला 'शांत उभा राहा' असं कुणीही सांगितलं नव्हतं. ओडीडी असलेल्या मुलांसाठी हे मला फार मोलाचं वाटतं: आज्ञा नाही, म्हणून नकारही नाही.

मात्र ही उलटी जोडणी मी पहिल्याच भेटीत लावत नाही. मूल ज्या तारेत आलंय तिथून सुरुवात करायची. ते उसळत आलं तर संगीतही आधी त्याच्याबरोबर धावतं, आणि मग लय थोडी थोडी उतरवत न्यायची. संगीतोपचारात याला आयसो तत्त्व म्हणतात, १९४० च्या दशकापासून वापरात आहे.

दुसरं म्हणजे स्वर. मी बहुतेक वेळा पाचच स्वर ठेवते, सा रे ग प ध. यात कुठलाही स्वर कुठल्याही स्वरानंतर आला तरी कानाला टोचत नाही. ज्या मुलाने दिवसभर 'चुकलं, चुकलं' ऐकलंय त्याला काहीही केलं तरी सुंदरच ऐकू येतं, ही गोष्ट फार खोलवर काम करते.

स्क्रीनबद्दल: माझ्या खोलीत मुलाला स्क्रीन दिसतच नाही. लॅपटॉप माझ्याकडे वळवलेला असतो. त्याच्यासमोर मी असते आणि स्पीकर असतो. थेरपिस्टना हे नक्की विचारा.

खट्याळ_खार

आमच्याकडे कन्येसाठी असाच सेन्सर घरी आणला होता. आमचं मांजर तिच्याआधी शिकलं. किरणाच्या बरोबर मध्ये बसून शेपूट हलवायचं, सूर निघाला की कान टवकारायचं. लेक म्हणाली, "आई, तिला पण थेरपी चालू कर."

लयवेल्हाळ

मांजर भूपच गात असणार, तिहाईताईंनी म्हटलेले पाचच स्वर ना!

पण गंभीरपणे सांगतो. मी तबला शिकवतो, माझ्याकडे अशी दोन-तीन मुलं आहेत. मला हे हवेतलं वाजवणं पटत नाही. चामड्यावर बोट पडलं की चामडं उत्तर देतं. चुकीच्या जागी पडलं तर बोट दुखतं, बरोबर पडलं तर 'ना' खणकन वाजतो. मुलाला वळण लागतं ते या उत्तरामुळे. हवा काय उत्तर देणार? आणि काहीही केलं तरी सुंदर, यात मुलाने कमावलं काय?

संवेदक

मी सेन्सर आणि ध्वनीच्या क्षेत्रात काम करतो. थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे 'नवीन फॅड' हा समज जाईल.

स्पर्श न करता वाजणारं वाद्य म्हणजे थेरेमिन, रशियन अभियंता लेव्ह तेरमेन यांनी १९२० च्या सुमारास बनवलेलं. दोन अँटेनांजवळ हात फिरवायचे, एकीने स्वराची उंची बदलते, दुसरीने आवाजाची पातळी. ते सुरात वाजवणं मात्र महाकठीण. १९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी जोडणारं मिडी हे प्रमाण आलं आणि कुठल्याही सेन्सरने कुठलंही इलेक्ट्रॉनिक वाद्य वाजवता येऊ लागलं. मग ब्रिटिश संगीतकार एडवर्ड विल्यम्स यांनी १९८० च्या दशकात साउंडबीम बनवलं. ते मुळात नर्तकांसाठी होतं. अल्ट्रासाउंडचे ठोके पाठवायचे, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं आणि त्या अंतराचे स्वर करायचे. ते विशेष शाळांमध्ये गेलं आणि तिथेच खरं रुजलं. अमेरिकन संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस यांच्या पुढाकाराने २००७ मध्ये औमी हे सॉफ्टवेअर आलं. ज्यांना जेमतेम मान हलवता येते अशा मुलांनाही साध्या कॅमेऱ्यासमोर वाजवता यावं हा त्यामागचा हेतू, आणि ते मोफत आहे.

२०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट आलं. खोलीची मापं आणि शरीराचे २० सांधे, अंगावर काही न लावता. खेळाचं यंत्र, पण जगभरच्या थेरपिस्टनी आणि संशोधकांनी उचललं. २०१७ मध्ये उत्पादन बंद झालं आणि ज्यांनी सगळं त्यावर उभारलं होतं त्यांची पंचाईत झाली. आता गुगलच्या मीडियापाइपसारख्या प्रणाली साध्या वेबकॅममधून शरीराचे ३३ बिंदू पकडतात, म्हणून विशिष्ट यंत्राला बांधून घ्यायची गरज उरलेली नाही.

एक तांत्रिक सूचना, कारण माहितीपत्रकात ही कधी नसते. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात एकेक चित्र ३३ मिलिसेकंदांनी येतं, वर गणिताचा वेळ. ब्लूटूथ स्पीकर जोडला तर उशीर आणखी वाढतो. हात हलला आणि आवाज मागून आला तर 'हे मी केलं' ही जाणीवच होत नाही, आणि अधीर मूल चिडतं. स्पीकर नेहमी वायरचा. लांब, वाहत्या सुरांत हा उशीर लपतो. टाळी किंवा ठोक्यासारख्या आवाजात लगेच उघडा पडतो. म्हणून लयवेल्हाळ, तबल्याचं काम कॅमेऱ्याने होणार नाही हे मला मान्य आहे. मी कॅमेऱ्याकडून ते मागणारही नाही.

रानपाखरू

इथे एक सांगावंसं वाटतं. अशा चर्चांमध्ये ऑटिझम, एडीएचडी, ओडीडी सगळं 'वर्तनसमस्या' या एका पोत्यात भरलं जातं. माझी मुलगी ऑटिस्टिक आहे. तिचं किंचाळणं हा हट्ट नसतो. आवाज तिला सहन होत नाही म्हणून ती किंचाळते. एका ठिकाणी अशाच यंत्रासमोर तिला उभं केलं, तिने हात हलवला आणि अचानक मोठा झांजेसारखा आवाज आला. ती टेबलाखाली जाऊन बसली आणि त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायला कितीतरी दिवस तयार नव्हती. नवीन थेरपिस्टनी आधी स्पीकरच्या आवाजाला वरची मर्यादा घातली, सुरुवातीला फक्त मंद, खालचे सूर ठेवले आणि बंद करायचं मोठं बटण तिच्याच हातात दिलं. आवाज थांबवणंही तिच्या ताब्यात आल्यावर ती पुढे आली. ते बटण नसेल तर मागून घ्या.

तिहाई

रानपाखरू, शंभर टक्के सहमत. बटणाची गोष्ट मी उचलतेय. आणखी एक: काही प्रणालींमध्ये आवाजाबरोबर लुकलुकणारे दिवे किंवा चमकती चित्रं असतात. मुलाला फिट येण्याचा इतिहास असेल तर ते आधीच सांगा.

लयवेल्हाळदादा, तुमचा मुद्दा मी हलका धरत नाही. वाद्याचा प्रतिकार, वजन, कंप हे काही मुलांना लागतंच. पण ज्या मुलाचा तबल्यापर्यंत पोचायच्या आधीच धीर सुटतो, त्याचं काय? त्याला आधी 'मी काही केलं की जगात काहीतरी चांगलं घडतं' हे कळावं लागतं. ते कळलं की तो तुमच्याकडे येईल आणि बोट दुखलं तरी बसेल.

निळीशाई

मी थोडा विरोधी सूर लावते. वरचे सगळे अनुभव खरे असतील, पण मोठ्या अभ्यासांत काय दिसलं?

ऑटिझमपुरतं बोलायचं तर २०१७ मध्ये नऊ देशांतल्या ३६४ मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्स्फूर्त वादनावर आधारलेला संगीतोपचार पाच महिने दिला, आणि लक्षणांच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधला अभ्यास आला, तो या धाग्याच्या जास्त जवळचा आहे: भावनिक आणि वर्तनाच्या अडचणी असलेली ८ ते १६ वयाची २५१ मुलं, १२ आठवडे, आठवड्याला एक सत्र. मुख्य प्रश्न होता संवादकौशल्य वाढलं का. संपूर्ण गटात तसं दिसलं नाही. आत्मसन्मान वाढला आणि नैराश्य कमी झालं, पण पुढच्या तपासणीपर्यंत तो फायदा टिकला नाही. आणि हे दोन्ही अभ्यास साध्या संगीतोपचाराचे. त्यावर सेन्सर चढवला की परिणाम वाढतो हे कोण म्हणतं आणि कशाच्या जोरावर? पालक आधीच थकलेले असतात. त्यांना आणखी एक महागडी आशा विकू नये एवढंच माझं म्हणणं.

तिहाई

दोन्ही अभ्यास तुम्ही बरोबर मांडलेत. पुढचं चित्रही सांगते: वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा ऑटिझमबद्दलचा २०२२ चा आढावा २६ अभ्यास आणि ११६५ सहभागींचा आहे. त्यात एकूण सुधारणा, जीवनमान आणि लक्षणांची एकूण तीव्रता यांवर संगीतोपचाराचा फायदा दिसतो, पण सामाजिक संवादावर स्पष्ट परिणाम दिसत नाही. म्हणून मी पालकांना 'याने वर्तन सुधारेल' असं कधीही सांगत नाही. औषध किंवा वर्तनोपचार बंद करून हे करा असं जो सांगेल त्याच्याकडे जाऊच नका.

पण उत्तर आयर्लंडच्या निकालातून मला एक कामाची गोष्ट दिसते. फायदा झाला तो मुलाला स्वतःबद्दल काय वाटतं यात, आणि सत्रं थांबल्यावर तो ओसरला. मग सत्र संपल्यावर घरी आणि शाळेत काय चालू राहतं, याचा विचार पहिल्या दिवसापासून करायला हवा.

निळीशाई

हे उत्तर प्रामाणिक वाटलं. 'स्वतःबद्दल काय वाटतं' यावर सेन्सरचा दावा असेल तर माझा विरोध बराच कमी होतो.

ओंजळ

काल म्हटल्याप्रमाणे लिहिते. मी विशेष शाळेत शिकवते, वर्गात वर्तनाच्या अडचणी असलेली मुलं जास्त.

आमच्याकडे एकट्याने वाजवण्यापेक्षा जोडीने वाजवण्याचा उपयोग जास्त झाला. दोन मुलं समोरासमोर. जोडणी अशी की एकट्याने कितीही हात हलवले तरी बारीक आवाज, दोघांचे हात एकाच वेळी वर गेले की पूर्ण स्वरमेळ. पहिल्यांदा ही दोघं नुसती एकमेकांवर ओरडली, "वर कर ना रे!" मग त्यातल्या एकाच्या लक्षात आलं की ओरडून जमत नाही, बघावं लागतं. हा मुलगा कुणाच्या नजरेला नजर देत नसे आणि मधल्या सुट्टीत हमखास कुणाला तरी मारून येई. तो समोरच्याच्या खांद्याकडे टक लावून बघायला लागला, खांदा हलला की हात उचलायचा. नंतर तर मानेनेच इशारा करायला लागला, "आता." आपापली पाळी घेणं, वाट बघणं, दुसऱ्याच्या शरीरावरून अंदाज बांधणं हे सगळं आम्ही तक्ते आणि चित्रं लावून शिकवत होतो, ते इथे आवाजासाठी आपोआप झालं.

मधल्या सुट्टीतली मारामारी थांबली का? नाही. कमी झाली असं मला वाटतं, पण त्याच काळात त्याच्या घरचं वातावरणही सुधारलं होतं, त्यामुळे श्रेय कुणाचं हे मी ठामपणे सांगणार नाही.

लयवेल्हाळ

ओंजळताई, हे वाचून खरंच आनंद झाला. जुगलबंदीच की! समोरच्याच्या खांद्याकडे बघून सम पकडणं आम्ही साथसंगत करणाऱ्यांना वर्षानुवर्षं शिकवतो.

माझं म्हणणं थोडं बदलतो: यंत्र चालेल, पण मुलासमोर माणूस हवा.

संवेदक

याला संशोधनाचा आधार आहे. २००९ मध्ये कर्शनर आणि टोमासेलो यांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ड्रम वाजवायला लावले: कधी समोर माणूस, कधी ड्रम वाजवणारं यंत्र, कधी नुसता स्पीकरमधून येणारा ठोका. मुलांनी सगळ्यात चांगला ताल धरला तो माणसाबरोबर. त्यांनीच पुढच्या वर्षी दाखवलं की एकत्र गाऊन-वाजवून-नाचून खेळलेली चार वर्षांची मुलं नंतर एकमेकांना जास्त मदत करतात. हे अभ्यास वर्तनसमस्या असलेल्या मुलांवरचे नाहीत, पण दिशा दाखवतात.

आणि एडीएचडी असलेल्या मुलांचा बोटांनी ठोका धरताना ताल इतरांपेक्षा जास्त डळमळतो, हे अनेक प्रयोगांत दिसलंय. म्हणून अशा मुलाला सुरुवातीलाच यंत्राच्या कडक ठोक्याला जुंपू नये. यंत्राने मुलाच्या लयीमागे जावं.

खट्याळ_खार

मांजराचं अजून सांगू का? सेन्सर कपाटात ठेवला तर ते कपाटासमोर बसून ओरडत होतं. लेकीचं मात्र मन भरलं. ती आता शेजारच्या मैत्रिणीबरोबर भांडी वाजवते. ओंजळताईंचं वाचून वाटलं, तिला तेव्हा जोडीदार हवा होता, आम्ही नुसतं यंत्र दिलं.

रानपाखरू

कॅमेऱ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. चित्रीकरण कुठे जातं?

संवेदक

चांगला प्रश्न. सांधे ओळखण्यासाठी चित्रफीत साठवायची गरज नसते. गणित त्याच संगणकावर होऊ शकतं आणि मागे फक्त बिंदूंचे आकडे उरतात. लेखी विचारा: चित्रफीत साठवता का, इंटरनेटवर पाठवता का, किती दिवस ठेवता. प्रगती बघायला रेकॉर्डिंग हवंच असेल तर सांध्यांच्या रेषांची आकृती पुरते, चेहरा लागत नाही. साउंडबीमसारख्या अल्ट्रासाउंडच्या यंत्रात तर चित्रच नसतं, त्याला फक्त अंतर कळतं.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा छापून थेरपिस्टकडे घेऊन गेले होते. त्यांनी न रागावता सगळं वाचलं.

त्यांची जोडणी आधी वेगावरचीच होती. तिहाईताईंचं वाचून दाखवल्यावर त्यांनी एका बाजूला वेगाची आणि दुसऱ्या बाजूला थांबण्याची अशा दोन जोडण्या केल्या आणि कधी कुठली हे मुलालाच निवडू दिलं. अपेक्षेप्रमाणे त्याने आधी वेगाची घेतली आणि घामाघूम होईपर्यंत उड्या मारल्या. माझा जीव वर-खाली होत होता. मग दमल्यावर स्वतःच दुसरीकडे गेला. एक हात डोक्यावर धरून पुतळ्यासारखा उभा, आणि सूर सुटला की खुदकन हसायचा. थेरपिस्ट त्या सुराखाली कीबोर्डवर हलकं वाजवत होत्या. त्या थांबल्या तर म्हणाला, "तुम्ही पण वाजवा." हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकून मी बाहेर बसल्या बसल्या रडले.

घरी आल्यावर आंघोळीवरून नेहमीसारखंच भांडण झालं, तेही लिहिते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको.

आता माझा मूळ प्रश्न पुन्हा: हे पुढे चालू ठेवायचं का हे कशावरून ठरवू? नुसतं त्याला आवडतंय यावर?

तिहाई

"तुम्ही पण वाजवा" हे फार मोठं आहे हो. थेरपिस्टना ते नोंदवून ठेवायला सांगा.

कशावरून ठरवायचं: 'वर्तन सुधारलं का' इतका मोठा प्रश्न मोजता येत नाही. एकच छोटी गोष्ट धरा. तुम्ही पहिल्या पोस्टमध्येच ती लिहिलीय: दुसऱ्याची पाळी आली की वाद्य फेकतो. मग हेच बघा. दुसऱ्याची पाळी असताना तो किती वेळ थांबू शकतो, आणि थांबणं असह्य झालं की फेकण्याऐवजी दुसरं काही करतो का. थेरपिस्टनी सत्रात नोंद ठेवावी, तुम्ही घरी एखाद्या खेळात, सापशिडीसुद्धा चालेल. सत्रात वाढलं पण घरी काहीच हललं नाही तर सत्रात बदल हवा. आणि सेन्सरकडून खऱ्या वाद्याकडे कधी जायचं हे त्यांना आत्ताच विचारा. मी साधारण एका हाताला सेन्सर आणि दुसऱ्या हातात खंजिरी अशी सुरुवात करते.

ओंजळ

शाळेतल्या शिक्षकांनाही हीच एक नोंद ठेवायला सांगा. आमच्याकडे पालक विचारत नाहीत, आम्हीही सांगत नाही, आणि तिन्ही ठिकाणी तीन वेगळी मुलं असल्यासारखं चालतं. भाऊ किंवा बहीण असेल तर एखाद्या सत्राला जोडीदार म्हणून नेता येईल का तेही बघा.

पाऊलवाट

धाकटी बहीण आहे, पाच वर्षांची. त्याच्या सगळ्या फेकाफेकीची पहिली मानकरी तीच. विचारते थेरपिस्टना. वर्गशिक्षिकांना आजच निरोप पाठवलाय, त्या तयार आहेत. पाळीची नोंद सोमवारपासून ठेवते, महिन्याभराने इथेच लिहीन.